लामो लाजमणिः

आज सोसायटीच्या कार्यक्रमात सात-आठ वर्षांचं एक पोरगं कविता म्हणायला उभं राहिलं. दुसऱ्याच ओळीत अडखळलं. निवेदकाने माईकवरून लगेच त्याची नक्कल केली. आणि लोक हसले! पोरगं मान खाली घालून उतरलं. माझं डोकं अजून ठणकतंय.

मी चौथीपर्यंत 'र'ला 'ल' म्हणायचो. पाहुणे आले की काका हाक मारायचे, "रामरक्षा म्हण रे." मी "लामो लाजमणिः" म्हटलं की घरभर हशा.

फ्रेंच शिकताना राकाँ हा जुना कवी भेटला. जन्म १५८९. मेंढपाळांच्या प्रेमावरचं त्याचं पद्यनाटक 'ले बेर्जरी' १६२५ साली छापलं गेलं. पुढे फ्रेंच अकादमीच्या पहिल्या सभासदांत हा होता. आणि या कवीला म्हणे 'र' आणि 'क' हीच अक्षरं यायची नाहीत. नाव काय, तर राकाँ!

मारी द गुर्ने या लेखिकेकडे तो जाणार, हे कळताच दोघे टवाळ एकामागोमाग 'मीच राकाँ' म्हणून जाऊन आले. मग खरा राकाँ जिना चढून धापा टाकत, अडखळत पोचला. बाईंना वाटलं हाही थट्टा करतोय. सपातेनेच हाणला बिचाऱ्याला. पुढे कुणीतरी हाच प्रसंग त्याच्यासमोर वठवला, तर हा डोळ्यांत पाणी येईतो हसला आणि म्हणाला, "व्लै, व्लै." म्हणजे 'व्रै', खरंय.

लामो लाजमणिः!

तो स्वतःच हसला ना, म्हणाल. हसला, कबूल. पण तो सरदार होता, मोठा होता. आठ वर्षांचा नव्हता. आणि हो, त्याने कधी मेंढ्या राखल्या नाहीत, त्याचे मेंढपाळ दरबाऱ्यांसारखे बोलतात, तेही खरं. असू दे. दरबार सोडून गावी परतण्यावरची त्याची कविता वाचा, कुठे ठेच लागत नाही.

त्याचा गुरू मालेर्बही बोलताना अडखळायचा. तू अर्धी कविता खाल्लीस, असं राकाँ त्याला म्हणाला. मालेर्ब भडकला. ओळी माझ्या, मी केल्या, सगळ्या खाईन!

आमची आजी तेवढी हसायची नाही. हात जोडून अख्खी लामलक्षा ऐकायची.

कार्यक्रमानंतर ते पोरगं पार्किंगमध्ये सापडलं. म्हटलं, मला म्हणून दाखव. स्कूटरला टेकून म्हटली त्याने, सगळी. वडे गार झाले तोवर.