‘एकच मशीन घ्या की!’ : कुपवाडच्या वाचकांना उत्तर

नमस्कार. लाइनवर, म्हणजे ठरलेल्या मार्गाने दुकानोदुकानी फिरून, माल विकणाऱ्या पोरांना बिल छापायला साधा मोबाइल आणि कमरेला अडकवायचा प्रिंटर असं वेगवेगळं घेऊन द्या, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही तीन गोष्टी सुनावल्यात. प्रिंटर आतच बसवलेलं अँड्रॉइड मशीन मिळत असताना दोन डबडी कशाला, त्या दोघांना जोडणारं ब्लूटूथ ऐन वेळी दगा देतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर बिल जात असताना कागदच कशाला. वर ‘हा सल्ला एजन्सीवाल्याला खड्ड्यात घालणारा आहे’ असंही लिहिलंत. असू दे, मुद्द्यावर येतो.

एकच मशीन वाईट नाही. रोज दारोदार बचतीचे पैसे गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटला ते अगदी चपखल बसतं. नाव, खातं, आजची रक्कम, शिल्लक. टर्रकन पावती फाडली की पुढचं दुकान. तुमचा माल मात्र फरसाण-बिस्किटांचा. एका बिलात वीस आयटम, त्यावर स्कीम, जीएसटी, मागची बाकी. या मशीनमध्ये बहुधा ५८ मिलिमीटरचा रोल बसतो आणि त्यावर ओळीला ३२ अक्षरं मावतात. नग, दर, रक्कम छापल्यावर मालाच्या नावासाठी जेमतेम दहा-बारा उरतात. मग ‘लसूण शेव’ आणि ‘लसूण शेव मोठी’ दुकानदाराला सारखीच दिसतात आणि भांडण पोराच्या गळ्यात. ८० मिलिमीटरच्या प्रिंटरवर ४८ अक्षरं येतात, एचएसएन, म्हणजे जीएसटीसाठीचा मालाचा कोडसुद्धा नीट बसतो.

त्यात तुम्हाला बिल मराठीत हवंय, आणि ते हवंच. पण बहुतेक स्वस्त प्रिंटरच्या पोटात देवनागरी अक्षरं नसतात. अ‍ॅप अख्ख्या बिलाचं चित्र बनवून पाठवतं. ५८ च्या प्रिंटरवर आडवे ३८४ ठिपके असतात आणि एका मिलिमीटरला आठ. म्हणजे वीतभर, वीसेक सेंटिमीटरचं बिल ७५ केबीचं होतं. तेच इंग्रजी अक्षरांत दोन केबीच्या आत उरकतं. एवढं मोठं चित्र प्रिंटरपर्यंत जायला आणि छापायला वेळ लागतो. म्हणून विकत घेताना विक्रेत्याचं नमुना-बिल बघू नका, ते इंग्रजी असतं. स्वतःचं सगळ्यात लांब मराठी बिल छापायला लावा आणि तोवर समोरून हलू नका.

बॅटरीचं तर विचारूच नका. थर्मल प्रिंटरला शाई नसते, तो छपाईचं हेड तापवून कागद काळा करतो, आणि हेड तापवायला करंट ओढतो. एकाच मशीनमध्ये स्क्रीन, जीपीएस आणि हेड एकाच बॅटरीवर. जतकडची लाइन दुपारी संखच्या पुढे गेलेली असताना ती बसली, तर बिलही गेलं आणि ऑर्डरही. वेगळा प्रिंटर बसला तर पोरगा ऑर्डर तरी घेतो. मसाल्याची किंवा फरसाणाची बारीक धूळ हेडवर बसली की बिलावर उभी पांढरी रेघ येते, आणि नेमकी ती रकमेतूनच जाते! कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसलं तर निघते. हेडच गेलं तर मात्र एकत्र मशीन दुरुस्तीला टाकून त्या पोराला घरी बसवावं लागतं.

ब्लूटूथचं दुखणं तुम्ही म्हणता तसं खरं आहे. पण ते बहुधा फोनच्या सेटिंगमध्ये असतं. अँड्रॉइड १२ पासून ‘जवळपासची डिव्हाइसेस’ अशी वेगळी परवानगी लागते. पोरं घाईत ‘नको’ दाबतात आणि मग प्रिंटरच्या नावाने बोंब. दुसरं म्हणजे बॅटरी सेव्हर. तो बिलिंगचं अ‍ॅप मागच्या मागे बंद करतो. एवढी दोन बटणं सकाळी गोडाऊनमधून निघतानाच तपासा.

आता व्हॉट्सअ‍ॅप. तुमचा हा मुद्दा निम्मा पटतो. थर्मलचा कागद टिकत नाही. प्लास्टिकच्या फाइलीत घातला की अक्षरं पुसट होतात, मे महिन्यात टेम्पोच्या डॅशबोर्डवर राहिला की रोलच्या रोल करडा पडतो. जीएसटीचा हिशेब तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायचा असतो. त्यासाठी पीडीएफच हवी, ती पाठवाच. पण खेड्यातल्या दुकानात गल्ल्यावर आई बसलेली असते आणि व्हॉट्सअ‍ॅप असतं पोराच्या मोबाइलवर, पोरगा पुण्यात. तिच्या डोक्यावर तारेत ओवलेली बिलं लटकतात. पुढच्या आठवड्यात वसुलीला गेलात की ती ते तारेतलं बिल काढते आणि त्यावरच्या आकड्याएवढेच पैसे देते. मोबाइलमधला आकडा तुम्ही कितीही दाखवा. म्हणून दोन प्रती छापा, एकीवर सही घ्या आणि दुसरी तारेत जाऊ द्या.

शिराळ्याच्या लाइनसाठी मात्र पावसाळ्यात प्रिंटरला कव्हर घ्याच. आयपी ५४ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) लिहिलेला प्रिंटर शिंतोडे झेलतो, चांदोलीकडची मुसळधार नाही.

तुम्ही आठ मशीन एकदम घेणार म्हणताय. आधी एकच घ्या आणि जतच्या लाइनवरच्या पोराकडे द्या, सांगलीत गणपती पेठेत फिरणाऱ्याकडे नको. आणि मशीन विकणाऱ्याला पैसे देण्याआधी विचारा: हेड सुटं मिळतं का, बदलायला किती दिवस, आणि तेवढे दिवस पर्यायी मशीन देणार का. तिसऱ्या प्रश्नाला तो ‘बघू की’ म्हणाला, तर बाकीची सात घेऊ नका.