बारकोडचे आकडे वस्तूचा देशही सांगत नाहीत आणि अस्सलपणाही

खरेदी करताना वेष्टनावरच्या खुणा कशा वाचाव्यात हे शिकवणारा एक लांबलचक संदेश व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा फिरत असतो. प्रत्येक फेरीत त्यात थोडी भर पडते, थोडी गळती होते; माझ्यापर्यंत या वेळी जी आवृत्ती आली तिच्यात पाच दावे होते. बारकोडचे पहिले तीन आकडे पाहून वस्तू कोणत्या देशात तयार झाली ते ओळखता येते आणि सगळ्या आकड्यांचा ठरावीक हिशेब जुळला तर ती वस्तू अस्सल असते, हा पहिला. टूथपेस्टच्या ट्यूबच्या टोकाशी असलेल्या रंगीत पट्टीवरून आतली पेस्ट नैसर्गिक की रासायनिक ते समजते, हा दुसरा. फळावरच्या स्टिकरचा आकडा ८ने सुरू होत असेल तर त्या फळात जनुकीय बदल केलेला असतो, हा तिसरा. प्लास्टिकच्या बाटलीखालचा त्रिकोणातला आकडा म्हणजे ती किती विषारी आहे याची श्रेणी, हा चौथा. आणि पाकिटावरच्या तारखा ही निव्वळ माल खपवण्याची युक्ती असून वास व चव ठीक असल्यास त्यांच्याकडे खुशाल दुर्लक्ष करावे, हा पाचवा.

एरवी असे संदेश मी वाचून सोडून देतो. हा सोडता आला नाही, कारण माझ्या मावशीने तो खरा मानला. तिने ऑनलाइन मागवलेला चार्जर घरी आला तेव्हा खोक्यावर बनवणाऱ्याचा पत्ता नव्हता, कंपनीच्या नावातले एक अक्षर चुकलेले होते आणि वस्तू परत करण्याची मुदत अजून शिल्लक होती. मावशीने संदेशातला हिशेब कागदावर मांडला, तो जुळला, म्हणून तिने चार्जर ठेवून घेतला. पुढे तो इतका तापला की त्याचे प्लास्टिक वाकले. सुदैवाने तेवढ्यावर निभावले. मावशी निष्काळजी नाही. काळजी घेण्याची तिची इच्छा होतीच. ती भलत्याच ठिकाणी खर्च करायला या संदेशाने तिला शिकवले. त्यामुळे अशा संदेशांनी कोणाचे काय बिघडते, असे कोणी म्हटले की मला ते ऐकून घेता येत नाही.

आधी देशाचा मुद्दा घेऊ. तेरा आकडी बारकोडचे पहिले आकडे जीएस वन या आंतरराष्ट्रीय संस्थेने आपल्या देशोदेशीच्या सदस्य-संघटनांना वाटून दिलेले असतात. ४०० ते ४४० जर्मनीच्या संघटनेकडे आहेत, ६९० ते ६९९ चीनच्या, ८९० भारताच्या. संदेशातली यादी बरीचशी बरोबर असते आणि म्हणूनच तो लोकांना पटतो. चूक आहे ती यादीचा अर्थ लावण्यात. एखादी कंपनी ज्या संघटनेकडे नोंदणी करते तिचा आकडा त्या कंपनीच्या क्रमांकांच्या आरंभी येतो, इतकेच त्यावरून कळते. ती कंपनी आपला माल स्वतःच्या देशात बनवो, दुसऱ्या देशातून बनवून घेवो किंवा तीन खंडांतल्या तीन कारखान्यांत विभागून बनवो, क्रमांकाचा आरंभ तोच राहतो. हे माझे अनुमान नाही. ही सारी व्यवस्था चालवणारी जीएस वन स्वतःच या आकड्यांच्या यादीसोबत स्पष्ट करते की त्यांवरून वस्तूचा मूळ देश ओळखता येत नाही, कारण सदस्य कंपन्या आपला माल जगात कोठेही तयार करू शकतात. ज्या संस्थेने आकडे वाटले तिचा खुलासा एका बाजूला आणि कोणी लिहिला हेही ठाऊक नसलेला संदेश दुसऱ्या बाजूला असताना, आपल्या माणसांनी संदेशाची बाजू धरावी याचे मला खरोखर वाईट वाटते.

शिवाय प्रत्येक बारकोडचा आरंभ कोणत्या तरी देशाचा असतो हेही खरे नाही. कोणत्याही पुस्तकाच्या मागच्या बाजूचा बारकोड पाहावा. तो ९७८ किंवा ९७९ने सुरू होतो, कारण हे आकडे पुस्तकांसाठी राखून ठेवलेले आहेत, मग छपाई कोठेही झालेली असो. २००पासून २९९पर्यंतचे आकडे दुकानांच्या अंतर्गत वापरासाठी आहेत. वजन करून विकल्या जाणाऱ्या मालावर दुकान स्वतः जी चिठ्ठी चिकटवते तिच्यावर ते दिसतात. देश जाणून घ्यायचा असेल तर वेष्टनावर तो शब्दांत लिहिलेला असतो का ते पाहावे. तो शब्दांत लिहिलेला नसेल, तर आकड्यांतून तो काढता येणार नाही.

आता अस्सलपणाचा हिशेब, ज्याने मावशीला फसवले. तेरावा आकडा हा पडताळणीचा आकडा असतो हे खरे आहे आणि संदेशात दिलेली रीतही बरोबर आहे. पहिल्या बारा आकड्यांपैकी विषम जागांवरचे आकडे तसेच मिळवायचे, सम जागांवरच्या आकड्यांची बेरीज करून तिची तिप्पट त्यांत घालायची, आणि येणारी बेरीज पुढच्या पूर्ण दशकापर्यंत नेण्यासाठी जितके कमी पडतील तो तेरावा आकडा. ही रीत वापरून एक प्रयोग कोणालाही करता येईल. १, २, ३ असे ओळीने ९पर्यंत आकडे लिहा आणि पुढे ०, १, २ लिहून बारा पूर्ण करा. विषम जागांची बेरीज २६ येते, सम जागांची २२, तिची तिप्पट ६६, दोन्ही मिळून ९२; शंभरला ८ कमी पडतात, म्हणून तेराव्या जागी ८. अशा रीतीने १२३४५६७८९०१२८ ही कागदावर बसल्या बसल्या रचलेली संख्या संदेशाच्या परीक्षेत उत्तीर्ण होते. एवढेच नव्हे, तर १२३ हा आरंभ अमेरिकेच्या संघटनेला दिलेल्या आकड्यांत मोडत असल्यामुळे तिच्यामागच्या न बनलेल्या वस्तूला एक देशही मिळतो. जी परीक्षा अस्तित्वात नसलेल्या वस्तूला अस्सल ठरवते तिच्या भरवशावर विजेचे उपकरण घरात ठेवायचे नसते.

हा आकडा ठेवण्याचे खरे कारण अगदी साधे आहे. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ट्रॉय या गावी एका सुपरमार्केटमध्ये च्युइंगमच्या पाकिटावरचा बारकोड प्रथम वाचला गेला. तेव्हापासून आजवर या पट्ट्यांचे काम बदललेले नाही: वस्तूचा क्रमांक दुकानाच्या संगणकाला लवकर आणि न चुकता कळवणे. त्यांत एरवी किंमतही नसते. ती संगणकात त्या क्रमांकापुढे नोंदलेली असते. पट्टी चुरगळलेली असेल किंवा क्रमांक हाताने टंकताना चूक झाली, तर भलत्याच वस्तूचे बिल होऊ नये म्हणून शेवटचा आकडा असतो. कोणताही एक आकडा चुकला तर तो चूक पकडतो. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरी बहुतेक वेळा पकडतो, फक्त त्या दोन आकड्यांत बरोबर ५चा फरक असेल तर चूक निसटते. म्हणजे ही टंकनाची चूक शोधण्याची सोय आहे. नकली माल करणारा मूळ खोके जसेच्या तसे छापतो तेव्हा बारकोडही त्याच्यासोबत छापला जातो आणि त्याचा हिशेब साहजिकच जुळतो. उलट, अस्सल वस्तूचा हिशेब जुळतो म्हणून जुळणारी प्रत्येक वस्तू अस्सल, हा तर्कच मुळात उलटा आहे.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. बारकोडचा क्रमांक जीएस वनच्या संकेतस्थळावर टाकून तो कोणत्या कंपनीच्या नावावर नोंदलेला आहे ते पाहण्याची सोय आहे. खोक्यावर एक नाव आणि नोंदीत दुसरेच नाव असेल तर शंका घ्यायला जागा आहे. पण नावे जुळली तरी हातातली वस्तू त्याच कंपनीची आहे हे त्यातून सिद्ध होत नाही, कारण क्रमांकाची नक्कल करायला काहीच लागत नाही. बनवणाऱ्याचे पूर्ण नाव व पत्ता, मॉडेलचा क्रमांक, चार्जर असल्यास व्होल्ट आणि ॲम्पिअरचे स्पष्ट आकडे, आणि प्रत्येक नगाचा वेगळा अनुक्रमांक असेल तर तो कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तपासणे, या कंटाळवाण्या गोष्टीच उपयोगी पडतात. चार्जरच्या खोक्यावर यांतल्या दोन-तीन ठळकपणे नव्हत्या, आणि मावशीच्या नजरेला त्या खुपल्याही होत्या. संदेशाने तिला तिच्याच नजरेवर अविश्वास ठेवायला लावले.

टूथपेस्टच्या पट्टीवर फार वेळ घालवण्याची गरज नाही. ट्यूबचे छापील पत्रे लांब गुंडाळीच्या रूपात यंत्रावरून धावतात. कोठे कापायचे आणि भरलेल्या ट्यूबचे टोक कोणत्या बाजूने दाबून बंद करायचे हे यंत्रातल्या प्रकाश-संवेदकाला कळावे म्हणून ती पट्टी छापतात. मागच्या रंगावर उठून दिसणारा कोणताही रंग चालतो, म्हणून वेष्टनाच्या छपाईत आधीच असलेला एखादा रंग वापरला जातो. घटकांची यादी त्याच ट्यूबवर अक्षरांत लिहिलेली असते. आणि नैसर्गिक व रासायनिक अशी विभागणीच निरर्थक आहे, कारण पाणीदेखील रसायनच आहे.

फळांच्या स्टिकरबाबत संदेशात एक जुना धागा आहे. आयएफपीएस हा आंतरराष्ट्रीय महासंघ फळे-भाज्यांच्या या क्रमांकांची यादी ठेवतो. साधे चार आकडी क्रमांक ३ किंवा ४ने सुरू होतात आणि त्यांच्या आधी ९ लावला तर तो सेंद्रिय मालाचा क्रमांक होतो. इथपर्यंत संदेश बरोबर आहे. जनुकीय बदल केलेल्या मालासाठी ८ राखून ठेवला होता हेही खरे, पण दुकानांत तो प्रत्यक्षात वापरात आलाच नाही, आणि महासंघाने २०१५ मध्ये तो अर्थ काढून टाकून ८ने सुरू होणारे क्रमांक नव्या वाणांना देण्यासाठी मोकळे केले. ही सारी व्यवस्था ऐच्छिक असून गल्ल्यावरच्या माणसाला योग्य किंमत लावता यावी यासाठी आहे. त्यामुळे ९ दिसला तरी केवळ स्टिकरवर विसंबून जास्त पैसे देऊ नयेत. सेंद्रिय प्रमाणपत्राची खूण वेगळी असते.

प्लास्टिकच्या आकड्यांत अर्धे सत्य आहे आणि ते मी नाइलाजाने मान्य करतो. १९८८ मध्ये अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने १ ते ७ हे आकडे आणले ते कचऱ्यातले प्लास्टिक वेगळे करणाऱ्यांसाठी. आकडा प्लास्टिकचा प्रकार सांगतो, धोका मोजत नाही. ७ म्हणजे सर्वांत वाईट असे नसून पहिल्या सहांत न बसणारे सगळे काही त्यात टाकलेले असते. त्यातच पॉलिकार्बोनेट येते, जे बनवताना आरोग्याच्या दृष्टीने शंका घेतले जाणारे बिस्फेनॉल-ए हे रसायन वापरतात, आणि तान्ह्या मुलांच्या बाटल्यांमध्ये ते वापरणे युरोपीय संघाने २०११ मध्ये व अमेरिकेने २०१२ मध्ये थांबवले, हे खरे आहे. मात्र त्याच ७मध्ये वनस्पतींपासून बनवलेले प्लास्टिकही येते. दुसऱ्या बाजूला, संदेशात सुरक्षित म्हटलेला ५ हा आकडा रंगाच्या बादलीवरही असू शकतो आणि त्या बादलीत कोणी अन्न साठवू नये. अन्नासाठी भांडे चालेल का हे सांगणारी पेला आणि काटा यांची खूण वेगळी असते. तिच्याबद्दल संदेशात एक ओळही नाही.

राहिला तारखांचा मुद्दा, आणि तो बारकोडइतकाच घातक आहे. अन्नाच्या आंतरराष्ट्रीय मानकांचे काम पाहणाऱ्या कोडेक्स अलिमेंटेरियस आयोगाने २०१८ मध्ये लेबलविषयीचे मानक सुधारले आणि दोन तारखांतला फरक नीट मांडला. ‘बेस्ट बिफोर’ ही दर्जाची तारीख आहे. ती उलटल्यानंतरही न उघडलेला, नीट ठेवलेला पदार्थ खाण्याजोगा असू शकतो, आणि अशा पदार्थांची विनाकारण नासाडी होते ही संदेशातली तक्रार रास्त आहे. ‘यूज बाय’ ही तारीख मात्र सुरक्षिततेची आहे. तिच्यानंतर पदार्थ विकूही नये आणि खाऊही नये. संदेशाने या दोन्ही तारखा एकाच पोत्यात भरल्या आणि दोहोंसाठी वासाची परीक्षा सांगितली. लिस्टेरिया नावाचा जिवाणू फ्रिजच्या थंडाव्यातही वाढतो आणि पदार्थाचा वास, रंग किंवा चव बदलेलच असे नाही. गर्भवती स्त्रिया, नवजात बालके आणि वृद्ध यांच्यासाठी तो जिवावर बेतू शकतो. शिवाय दोन्ही तारखा पाकीट बंद असेपर्यंत आणि सांगितलेल्या तापमानात ठेवले असेल तरच लागू होतात. उघडल्यानंतरची मुदत बहुधा शेजारीच वेगळी लिहिलेली असते आणि ती बरीच कमी असते.

शिशुआहाराच्या डब्यावर तर या सल्ल्याला काडीचीही जागा नाही. त्या डब्यावरची तारीख लेबलवर छापलेली पोषणमूल्ये टिकून राहण्याचीही मुदत असते. तारीख उलटल्यावर भुकटीचा वास तोच राहतो, जीवनसत्त्वे मात्र घटलेली असू शकतात, आणि ज्या बाळाचे सारे पोषण त्या डब्यावर चालते त्याला ती दुसरीकडून मिळत नाहीत. ज्यांनी हा संदेश पुढे पाठवला आहे त्यांनी बाकी काही नाही तरी हा पाचवा मुद्दा चुकीचा असल्याचे त्याच गटावर, त्याच लोकांना, आजच लिहून कळवावे.