मदर लिकर

रविवारी सकाळी साखरेच्या डब्यात मी शंभरेक ग्रॅम मीठ ओतलं. आमचे दोन्ही डबे स्टीलचे, एकाच मापाचे, एकाच लग्नात आहेरात आलेले. नावं आहेत त्यांच्यावर, पण मामा-मामींची. डब्यात आधीची किलोभर साखर होती. एवढं ओतल्यावर पिशवीवरचं ‘आयोडिनयुक्त’ मला दिसलं.

मी केमिस्ट्रीतला बीएस्सी. म्हणजे होतो, गेली २२ वर्षं फोर्टात विमा विकतो. “मिश्रणातले घटक वेगळे करणं काही कठीण नसतं,” मी म्हणालो. ही म्हणाली, “कर.”

आधी चाळण घेतली. मीठ बारीक, साखर जाड, तेव्हा मीठ खाली पडायला हवं. पण जुलैतल्या मुंबईत मीठ पडत नाही, चिकटतं. हवेतलं पाणी ओढून ते साखरेला असं बिलगलं होतं की चाळणीत नुसते गोळे इकडून तिकडे फिरत राहिले. गाळणंही बाद, कारण पाण्यात दोन्ही विरघळतात. मीठ आणि वाळू असती तर पाच मिनिटांचं काम होतं, असं मी सांगितलं. “मग वाळू का नाही ओतलीस?” नुसतं पाणी आटवूनही उपयोग नव्हता. वडाळ्या-भांडुपच्या मिठागरांत खाडीचं पाणी आटवून मीठ मिळायचं. मला दोघं पुन्हा हातात हात घालूनच मिळाले असते. ओट्यावरच्या मुंग्या मात्र अचूक साखरेचेच कण उचलून नेत होत्या. बीएस्सी न करता.

उरलं पुनर्स्फटिकीकरण. कॉलेजात बेंझोइक आम्ल मी असंच शुद्ध करायचो: उकळत्या पाण्यात विरघळवा, गरम असतानाच गाळा, आणि चंचुपात्राला हात न लावता सावकाश निवू द्या. घाई करून बर्फात ठेवलं की स्फटिक बारीक पडतात आणि मळ आतच अडकतो. आमच्या डब्यालाही हेच लागू होतं. १०० ग्रॅम पाण्यात २० अंशाला मीठ ३६ ग्रॅम विरघळतं आणि उकळत्या पाण्यात जेमतेम ३९. साखर मात्र २०० वरून थेट पावणेपाचशेच्या पुढे जाते. म्हणजे गरम द्रावण निवलं की जास्तीची साखर खाली बसणार, मीठ पाण्यातच राहणार. कागदावर इतकं सुंदर दिसलं की मी तो कागद हिला दाखवला.

दोन वाट्या मिश्रण, जेमतेम अर्धी वाटी उकळतं पाणी. पातेलं पंख्याखाली ठेवून बसलो. तासाभराने आत मधासारखा पाक होता. स्फटिक पडत नसतील तर काचकांडीने भांड्याची आतली बाजू खरवडायची, ही प्रयोगशाळेतली युक्ती. मी उलथन्याने खरवडली. पातेल्याला चरा पडला. मग साखरेचे चार दाणे बीज म्हणून टाकले, तेही पाकात तसेच पडून राहिले. इतक्या घट्ट पाकात साखरेला जागचं हलायचीच पंचाईत. खडीसाखर करणारे दोरा सोडून दिवसच्या दिवस थांबतात ते उगाच नव्हे. आमच्याकडे पाहुणे चारला येणार होते.

“काय चाललंय रे?” आईने देवघरातून विचारलं.

“काही नाही गं. स्फटिक पडले की वरचं मदर लिकर ओतून टाकायचं.”

आतली जपमाळ थांबली. स्फटिक काढल्यावर उरणाऱ्या द्रावणाला तसं म्हणतात, हे समजावण्यात माझी आणखी १० मिनिटं गेली. तिचा विश्वास बसला नाही. तिने येऊन आधी पातेलं हुंगलं, मग डब्यातली चिमूट जिभेवर ठेवली आणि डोळे मिटून बराच वेळ उभी राहिली.

“वेगळं कशाला करतोस? दादरला जा, पंचवीस-तीस लिंबं आण. उपवासाच्या गोड लोणच्याला दोन्ही लागतंच.” तिने दुसरी चिमूट घेतली. “मीठ जरा कमी आहे. ओत अजून.”