पुंगळी काढून जावा पळत नाही

शनिवारी कोल्हापूरहून भाच्याचा फोन. "मामा, आजोबांच्या जावा मोटारसायकलच्या पुंगळ्या काढल्या. काय आवाज लागलाय!" पुंगळी म्हणजे सायलेन्सरच्या आत बसणारी भोकांची नळी. का काढल्यास, तर व्हॉट्सअॅपवर मेसेज आला म्हणे: जावा-येझदीच्या मूळ सायलेन्सरात पुंगळी नव्हतीच. काढली की पॉवर आणि अॅव्हरेज दोन्ही वाढतं. व्हिंटेज गाडीला आवाजाचा कायदा लागत नाही. आणि बाजारातला क्रोमचा कुठलाही सायलेन्सर ओरिजिनलच. हाच मेसेज गेल्या महिन्यात मला तीन ग्रुपांवर आला होता. तेव्हा गप्प बसलो, ही माझी चूक.

पुंगळी नव्हती? म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून काढलेल्या या गाड्यांच्या सायलेन्सरचं शेपूट खोलता येतं, ते कशाला? आतली पुंगळी काढून, काजळी खरवडून परत बसवायला. परत बसवायला!

खरा घोळ पॉवरचा. ही टू-स्ट्रोक आहे बाबांनो, बुलेट नव्हे. हिला वाट उघडझाप करणारे व्हॉल्व्ह नाहीत. धूर बाहेर पडतो त्याच वाटेने ताजं पेट्रोलही निसटू बघतं, आणि सायलेन्सरातून उलट फिरणारा दाब त्याला आत ढकलतो. पूर्व जर्मनीत एमझेड या मोटारसायकल कंपनीच्या इंजिनिअर वाल्टर काडेनने उमेदीची वर्षं या दाबामागे घातली. १९६१ साली त्याच्या १२५ सीसी इंजिनाने २५ हॉर्सपॉवर दिली. त्याच वर्षी त्याचा रायडर अर्न्स्ट डेग्नर ही विद्या घेऊन सुझुकीकडे पळाला, आणि १९६२ला सुझुकीने ५० सीसीचं जगज्जेतेपद मारलं. नळी मोकळी सोडून पॉवर मिळत असती तर बिचाऱ्याला देश कशाला सोडावा लागला असता? जावाचा सायलेन्सर रेसचा नव्हे, मान्य. पण हिशेब तोच.

भाच्याकडून स्पार्क प्लगचा फोटो मागवला. चहाच्या रंगाचा हवा, तो खडूसारखा पांढरा. पेट्रोल कमी, हवा जास्त. असाच आंबा घाट चढवला असता तर पिस्टन जाम.

बरं, अर्धं खरं आहे तेही सांगतो. काजळीने चोंदलेली पुंगळी काढली की गाडी हलकी वाटते. पण कॉस्टिक सोड्यात रात्रभर बुडवून, धुऊन बसवली तरी तेवढीच हलकी वाटते.

कायद्याचं म्हणाल तर केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२०: प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर हवाच. व्हिंटेजचे २०२१चे नियम तर पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात असली तरच नोंदणी देतात. सवलत कसली, उलट अट आहे.

बाजारातल्या 'ओरिजिनल'मध्ये मागून टॉर्च मारा. आरपार दिसलं तर पैसे खिशातच ठेवा.

एवढं ऐकून भाचा म्हणाला, बसवतो परत. पण मेकॅनिकने दोन्ही पुंगळ्या भंगारात दिल्यात. कुणाकडे जुनी जोडी पडून असेल तर कळवा. काजळीसकट चालेल.