‘४० मिनिटं खोक्यात ठेवली’ या तक्रारीबद्दल

नमस्कार ताई,

तुमची कोंबडी राणी गेली याचं आम्हालाही वाईट वाटतंय. त्या संध्याकाळी दवाखान्यात आत काय चाललंय ते बाहेर येऊन तुम्हाला कुणीच सांगितलं नाही, ही चूक आमची. त्याबद्दल माफी मागतो.

पण ‘कोंबडी ४० मिनिटं खोक्यात ठेवली, कुणी हातही लावला नाही, तेवढ्यात अडकलेलं अंडं काढलं असतं तर वाचली असती’ हे तुम्ही लिहिलंत, ते कालपासून डोक्यातून जात नाही. लोक असं वाचून पेशंट आणायचे थांबतात. म्हणून सविस्तर लिहितो.

ते खोकं नव्हतं ताई. ऑक्सिजन सोडलेली, ३० अंशांच्या आसपास ऊब असलेली पेटी होती ती. राणी चोच उघडी टाकून श्वास घेत होती, तुरा निळसर पडला होता. कोंबडीला आपल्यासारखा छाती-पोटामधला पडदा नसतो. पोटात पाणी साठलं की ते थेट हवेच्या पिशव्या दाबतं. अशा कोंबडीला आणल्या आणल्या आडवी धरून एक्स-रे काढायला गेलो, तर ती हातातच जाऊ शकते. आधी श्वास सावरायचा, मग तपासणी. आणि पेटीत ठेवण्याआधी तिला कॅल्शियमचं आणि वेदना कमी करायचं इंजेक्शन मी स्वतः दिलं होतं.

अंडं तर अडकलेलं नव्हतंच. कवच धरलेलं अंडं एक्स-रेत स्पष्ट दिसतं. मऊ कवचाचं निसटू शकतं, म्हणून सोनोग्राफीही केली. सुईने काढलेलं पाणी पिवळं, गढूळ होतं आणि त्यात बलकाचे कण होते. म्हणजे बलक अंडनलिकेत न जाता पोटात पडत होता आणि तिथे जंतुसंसर्ग झाला होता. हे ४० मिनिटांत होत नाही. तीन आठवडे मऊ कवचाची अंडी, मग अंडी बंद, मग शेपटी पाडून पेंग्विनसारखं उभं राहणं, हे सगळं तुम्हीच सांगितलंत. कोंबडी आजार लपवते, त्यामुळे उशिरा लक्षात आलं याचा दोष मी तुम्हाला देत नाही. पण घरी तेल सोडून तिचं पोट दाबलं होतं, हेही तुम्हीच सांगितलं होतंत, आणि ते तुमच्या लिहिण्यात कुठेच नाही. आत अंडं असतं तर दाबल्याने फुटू शकलं असतं. अंडं नव्हतं, पण पाणी होतं, त्यामुळे दाब श्वासावर आला. मायेपोटीच केलंत, हे मला ठाऊक आहे.

‘कोंबडीचं कळत नाही तर घेता कशाला’ हे मात्र लागलं. ‘कापून टाका’ म्हणून परत पाठवलेल्या कोंबड्या मी रात्री घरी नेऊन ड्रॉपरने पाजल्या आहेत.

पेटीतल्या पेशंटची खबर बाहेर वेळोवेळी द्यायची काहीतरी सोय लवकरच करतो.

तुमच्या घरी अजून दोघी आहेत. मऊ अंडं दिसलं किंवा पोट हाताला फुग्यासारखं लागलं, तर त्याच दिवशी दाखवा. लवकर कळलं तर पाणी काढून, अँटिबायोटिक देऊन आणि अंडी काही महिने थांबवणारं हार्मोनचं इम्प्लांट बसवून कोंबडीचे पुढचे दिवस सुखाचे जाऊ शकतात. औषध चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तोवर घातलेली अंडी खाऊ नका. आमच्याकडे यावंसं वाटत नसेल, तर पक्षी तपासणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांकडे न्या, पण पोट दाबू नका.