गंधार गाळला, की सोडला?

नमस्कार सर,

पॉवर कॉर्डवरच्या (गंधार सोडून नुसत्या सा-पची कॉर्ड) माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. रॉकमधली ऱ्हिदम गिटार नुसते सा-प वाजवते, गंधार गाळते, त्यामुळे कॉर्ड मेजर (शुद्ध गंधाराची) की मायनर (कोमल गंधाराची) हेच कळत नाही आणि या आळसाला मी शैली म्हणतो, असं तुमचं म्हणणं. आळस हा शब्द मात्र मला मान्य नाही.

तुम्ही पंचवटीत पेटी शिकवता, म्हणून पेटीवरूनच बोलतो. पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यात आपोआप उमटणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा चढा लागतो, हे तुम्हाला मी काय सांगणार! गिटारच्या फ्रेटचंही तेच. गंधार सुमारे 14 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा, पंचम जेमतेम 2 सेंट उतरलेला. साध्या आवाजात हे खपून जातं, डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट) लावलं की उघडं पडतं. पाचवी तार मोकळी छेडली की 110 हर्ट्झचा ए, म्हणजे आपला सा, वाजतो. त्याचा पाचवा उपस्वर (मूळ सुरासोबत आपोआप उमटणारा, पाचपट कंपनांचा सूर) 550. दुसऱ्या तारेवरचा सी शार्प, म्हणजे शुद्ध गंधार, 277, त्याची दुप्पट 554. डिस्टॉर्शन हे उपस्वर वर काढतं आणि 550-554 च्या फरकाचे सेकंदाला चारेक हेलकावे कानावर येतात. कोमल गंधार घेतला तर 261.6 ची दुप्पट 523, ती 550 शी भांडते, नुसती खरखर. उलट 110 आणि 165, म्हणजे सा-प, एकत्र गेले की त्यांच्या फरकाचा 55 उमटतो. दोन बोटांत खर्जाचा सा!

आणि गंधार कुठे जातो? गाणाऱ्याकडे. गंगापूर रोडवरच्या आमच्या सरावाच्या खोलीत आमची गायिका एकाच ए-ई वर पहिल्या ओळीत शुद्ध गंधार घेते, दुसऱ्या ओळीत कोमल. माझा हात जागचा हलत नाही. एकदा हौसेने दुसऱ्या ओळीवर मी पूर्ण मेजर वाजवला, तर तिचा कोमल गंधार बेसूर वाटायला लागला. ती बिचारी थांबून स्वतःचाच सूर तपासत बसली. चूक माझी होती.

एका बाबतीत तुमचं बरोबर आहे. पॉवर कॉर्ड 'ना मेजर ना मायनर' असं मी लेखात लिहिलं होतं. पण तो 550 चा उपस्वर आत गुणगुणत असतोच, तंबोऱ्यासारखा, त्यामुळे कान थोडा शुद्ध गंधाराकडे झुकतो. मूळ लेखात तेवढी दुरुस्ती आज करतो.