रश्शाच्या फरश्या

पाच किलो कांदा एका बैठकीत चिरणारा माणूस एक तर आचारी असतो, नाही तर त्यानं आदल्या रात्री बारानंतर एक व्हिडिओ पाहिलेला असतो. मी दुसऱ्या प्रकारातला.

त्या व्हिडिओतली बाई चार तासांत महिनाभराचं जेवण करून फ्रीझरमध्ये रचून ठेवते, आणि शेवटी तिच्या ओट्यावर एक डागही नसतो. घरातले सगळे कामावर किंवा क्लासला, संध्याकाळी दारात चपला काढता काढता प्रत्येकाला भूक लागलेली. अशा घरासाठी हा रामबाण उपाय आहे, असं ती म्हणाली आणि मला पटलं. सकाळी चहाबरोबर मी योजना जाहीर केली. बायको म्हणाली, "रात्री बारानंतर पाहिलेलं सकाळी आठच्या आत विसरायचं असतं." आई म्हणाली, "म्हणजे महिनाभर शिळंच खायचं ना?"

"आई, शिळं नाही, फ्रोझन." उणे अठरा अंशांना जंतूंची वाढच थांबते, हे मी तिला समजावलं. "मरतात का?" तिनं विचारलं. मरत नाहीत, झोपतात. "मग उठतील की," म्हणून ती जप करायला निघून गेली. पुढच्या महिन्यात जे जे झालं, त्याचं सार खरं तर या वाक्यात होतं, पण मी कांदे मोजत होतो.

स्वयंपाकाबद्दल फार लिहीत नाही. व्हिडिओतले चार तास माझ्या घड्याळात अकरा झाले, आणि दुपारी दोनला घरात एकही स्वच्छ पातेलं नव्हतं, एवढं पुरे. मटार उकळत्या पाण्यातून मिनिट-दीड मिनिट काढून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायचे, म्हणजे त्यांचा रंग आणि चव गोठल्यावरही टिकते. हे मी इतक्या तन्मयतेनं केलं, की तेवढ्यात मागच्या शेगडीवरचा भात लागला.

खरी कसोटी स्वयंपाक झाल्यावर सुरू झाली. गरम अन्न फ्रीझरमध्ये ढकलायचं नाही, कारण शेजारचं गोठलेलंही वितळायला लागतं. दोन तासांहून जास्त बाहेरही ठेवायचं नाही, कारण कोमट अन्नात जंतूंचं चांगलं फावतं. भाताच्या बाबतीत तर जास्तच काळजी. त्यातले काही जंतू शिजवूनही बीजरूपानं उरतात आणि भात कोमट राहिला की पुन्हा डोकं वर काढतात. आणि रश्शाचं मोठं पातेलं? ते संध्याकाळपर्यंत पोटात आग ठेवून बसतं. उपाय एकच, सगळं उथळ ताटांत पसरायचं. त्यामुळे जेवणाचं टेबल, इस्त्रीचं टेबल, मुलाचं अभ्यासाचं टेबल आणि टीव्हीसमोरची तिपाई, सगळीकडे रस्सा पसरला, आणि वर पंखा पाचवर. घरात जेवणाचा वास इतका होता आणि बसायला जागा इतकी कमी, की लग्नघरच वाटावं.

मुलगा म्हणाला, "बाबा, गरमच ठेवा ना. गरम पाणी गारपेक्षा लवकर गोठतं." टांझानियातल्या एरास्टो म्पेम्बा नावाच्या शाळकरी मुलानं 1963 मध्ये घाईघाईत गरम दुधाचं मिश्रण फ्रीझरमध्ये ठेवलं, आणि त्याचं आइस्क्रीम इतरांच्या आधी तयार झालं, म्हणे. गोष्ट खरी आहे. पुढे 1969 मध्ये त्यानं एका प्राध्यापकाबरोबर त्यावर निबंधही छापला, आणि असं खरंच होतं का यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. पण आपल्या टेबलावर अभ्यास करायला जागा नाही, हे कळल्यावर त्याला विज्ञानाची आठवण झाली होती, म्हणून मी दुर्लक्ष केलं.

मग पिशव्या भरायच्या. पिशवीतली हवा काढून ती आडवी, चपटी ठेवायची, म्हणजे रश्शाची फरशी तयार होते. लवकर गोठते, लवकर वितळते आणि पुस्तकांसारखी उभी रचता येते. मी वीस फरश्या पाडल्या. पिशव्या संपल्यावर उरलेलं एका काचेच्या बरणीत काठोकाठ भरलं. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, हे मी शाळेत शिकलो होतो. बरणीही रात्री साडेतीनला शिकली.

आता फ्रीझरमध्ये जागा करायची. तिथे आधीपासून वस्तीला असलेल्यांत अर्धं आइस्क्रीम, मुरगळलेल्या घोट्यांवर शेकायला ठेवलेलं मटारचं पाकीट आणि कुणीच ओळख न दाखवलेला एक पांढरा गोळा होता. आइस्क्रीम मुलांनी जागच्या जागी निकालात काढलं. संपूर्ण योजनेत निखळ फायदा झालेले ते दोघेच. पिशव्यांवर नावं मी साध्या पेननं लिहिली होती. सकाळी शाई गेली, आणि वीस तांबूस फरश्या माझ्याकडे अनोळखी नजरेनं बघत होत्या.

सोमवारी संध्याकाळी साडेसातला मी ऐटीत फ्रीझर उघडला. फरशी ओट्यावर ठेवली तर खणकन आवाज आला. ती आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवायची असते, असं बायकोनं त्या व्हिडिओचा शेवट पाहून सांगितलं. मी शेवटाआधीच कांदे आणायला पळालो होतो. म्हणजे ही सगळी सोय घाईत असलेल्या घरासाठी, आणि अट अशी, की त्या घराला उद्याचं जेवण आज आठवलं पाहिजे. ज्या घराला उद्याचं आज आठवतं, ते घाईत कशाला असेल?

मायक्रोवेव्ह आहे म्हणा. पण मायक्रोवेव्ह पाणी चटकन तापवतो आणि बर्फाला जवळजवळ ओळखतच नाही. त्यामुळे कडेला जिथे थोडं वितळलं, तिथे रस्सा उकळून भिंतींवर उडाला आणि मध्ये दक्षिण ध्रुव तसाच राहिला.

अखेर वितळलं तेव्हा बटाटे स्पंजासारखे झाले होते. दाबले की पाणी सोडत होते. दही घातलेला रस्सा फाटला होता. बटाट्याचा दोष नाही. हळूहळू गोठताना आतल्या पाण्याचे मोठाले स्फटिक होतात आणि बटाट्याची वीण फाडून टाकतात. क्लॅरेन्स बर्ड्‌सआय हा अमेरिकन माणूस 1912 मध्ये आताच्या कॅनडातल्या लॅब्राडॉर या थंडगार प्रदेशात गेला, तिथे त्यानं बर्फाळ वाऱ्यात पाहता पाहता गोठलेले मासे पाहिले, आणि ते महिन्यांनीही ताजे लागतात म्हणून झटपट गोठवण्याचा धंदाच काढला. आमच्याकडे तसा वारा नाही. आमच्याकडे आइस्क्रीम परत आलं का, हे बघायला दर दहा मिनिटांनी फ्रीझरचं दार उघडणारी मुलगी आहे.

मग मी फोनवर रात्री नऊचा गजर लावला: 'उद्याचं काढा.' चौघांच्या फोनवर लावला, म्हणजे कुणी तरी ऐकेल. सगळ्यांनीच ऐकलं. चौघांनी, एकमेकांना न सांगता, एकेक पिशवी काढून कप्प्यात ठेवली. वितळलेलं पुन्हा तसंच गोठवायचं नसतं, एक-दोन दिवसांत संपवायचं असतं. आम्ही दोन दिवस सकाळ-संध्याकाळ तोच तांबूस रस्सा चार वेगवेगळ्या नावांनी खाल्ला. तिसऱ्या दिवशी आईनं पिठलं केलं आणि कुणी काही बोललं नाही.

पाच किलो कांद्यातला जवळजवळ दीड किलो उरला होता, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोनं तो शोधला, टोमॅटोबरोबर छान परतला, गार करून बर्फाच्या ट्रेमध्ये भरला आणि गोठवला. आता ती घाईच्या संध्याकाळी दोन खडे थेट कढईत टाकते. आदल्या रात्री आठवायला नको, वितळवायला नको. पंधरा मिनिटांत ताजी भाजी. याचा व्हिडिओ करू या, असं मी म्हणालो, तेव्हा तिनं माझ्याकडे फक्त पाहिलं.

गेल्या आठवड्यात माझे साहेब अचानक घरी आले. उन्हातून आले होते, म्हणून मी लगबगीनं पेलाभर पाणी घेतलं, ट्रे पिळून दोन खडे टाकले आणि पेला त्यांच्या हातात दिला. दोन घोट घेऊन ते थांबले. पेल्यात डोकावून त्यांनी हळूच विचारलं, "हे... काय आहे?"

मी काही बोलायच्या आत आतून आईचा आवाज आला, "घाबरू नका हो, शिळं नाही. फ्रोझन आहे."